इंगळात थांबलेले चन्नाप्पा

दिवाळी अंकाच्या संपादकांच्या धाडसाचं मला कौतुक वाटतं. वाचक एका हातात बेसनाचा लाडू आणि दुसऱ्या हातात अंक घेऊन बसणार, आणि त्या अंकात त्यांना माझा लेख हवा. तोही मधुमेहाने सडलेल्या पायांवर. मी पत्राने विचारलं, 'साहेब, नक्की ना?' उत्तर आलं, 'जरा मनोरंजक लिहा.' तेव्हा मंडळी, लाडू आधी संपवून घ्या. मागाहून माझ्या नावाने खडे फोडू नका.

मी डॉक्टर नव्हे. डॉक्टरांच्या आठवणींत मृत्यू दारापर्यंत येतो, डॉक्टर त्याच्याकडे चष्म्यातून बघतात आणि तो ओशाळून परत जातो. मी सोलापुरात एका धर्मार्थ दवाखान्यात ड्रेसर होतो. म्हणजे डॉक्टरसाहेबांनी 'स्वच्छ करून पट्टी बांधा' असं म्हणून हात धुऊन पुढच्या खाटेकडे जायचं, आणि त्या 'स्वच्छ करून' या दोन शब्दांत जे काही असेल ते मी निस्तरायचं. लोक मला 'डेसर' म्हणत. मी आयुष्यात जितके तळपाय पाहिले तितके चेहरे पाहिलेले नाहीत. आजही रस्त्यात कुणी नमस्कार केला की मी आधी खाली बघतो, मग ओळख पटते. आणि वासाचं म्हणाल तर, टेंभुर्णीच्या एका पाटलांच्या पायाची पट्टी मी सोडली तेव्हा दवाखान्यावरून चाललेली घार अर्ध्यातून वळून गेली. खोटं वाटत असेल तर घारीला विचारा.

धंद्याची माहिती थोडक्यात सांगतो. एकोणीसशे तीसच्या अलीकडल्या-पलीकडल्या त्या दिवसांत आमच्याकडे साखर ओळखायची तऱ्हा अशी : काचेच्या नळीत निळं औषध, त्यात रोग्याच्या लघवीचे थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. उकळून निळंच राहिलं तर घरी जा. विटेसारखं तांबडं झालं तर बसा. पुष्कळदा तेवढीही गरज नसे. डॉक्टरसाहेब यायच्या आत मोरीतल्या मुंग्या निदान करून मोकळ्या झालेल्या असत.

पण या रोगाची खरी खोड निराळीच. तो पायाची जाणीव नेतो. दुखणं हा शरीरावरचा पहारेकरी. साखर त्याला आधी अफू चारते आणि मग सावकाश घर लुटते. पोटात दुखणारा माणूस बोंबलत येतो. ज्याच्या पायाला काहीच होत नाही तो महिन्याने येतो, आणि येतो तोच पाटीत घालून आणलेला. शहराच्या पूर्वभागातला नरसय्या नावाचा विणकर दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबायचा. त्याच्या टाचेतून मी चिमट्याने दीड इंचाचा खिळा काढला. नरसय्याचा चेहरा असा फुलला की विचारू नका. ''अरे, ये तो मेरेच मागका खिळा! आठ रोज से ढूंडरा मैं!'' खिळा पुसून खिशात घातला आणि लंगडत मागावर गेला. आभार मानले ते खिळ्याबद्दल.

अशा जखमेला करायचं ते फार नसतं. कोमट बोरिकच्या पाण्याने धुवायची, मेलेलं मांस कात्रीने उचलायचं, लिंटचं मऊ कापड ठेवून बोटांकडून वर पट्टी गुंडाळायची. जखम भरते ती औषधाने नव्हे. ती भरते पाय जमिनीला टेकवला नाही तर. आणि पाय टेकवू नका हे सोलापूरच्या माणसाला सांगणं म्हणजे भाकरीशिवाय जेवा म्हणण्यासारखं. 'व्हय व्हय' म्हणत तो खाटेवरून उतरतो, आणि तेच पाय टेकवत दारापर्यंत जातो.

आता चन्नाप्पांचं सांगतो.

चन्नाप्पा म्हणजे बाजारातले गुळाचे बडे अडत्ये. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग ठेवायची चांदीची डबी, आणि उजव्या हाताचं पहिलं बोट कायम चिकट. गुळाची ढेप गाडीतून उतरली की अप्पा बोटाने टवका काढत, जिभेवर ठेवत, डोळे मिटत आणि सांगत, ''पानी जास्त हाय,'' किंवा ''ह्यो चांगला.'' रोज तीनशे ढेपी. माणसाने गूळ चाखावा तरी किती? अप्पांच्या अंगावर डास बसला तर सरबत पिऊन गेल्यासारखा झिंगत उडे.

पहिल्यांदा ते नव्या वहाणेचा फोड घेऊन आले. बधिरपणा पाहायला मी कोंबड्याचं पीस वापरत असे. ते बघून अप्पा दचकले. ''शिव शिव! कोंबडीचं?'' मग मोराचं आणलं. म्हटलं, ''अप्पा, डोळे मिटा. पीस लागलं की हं म्हणा.'' तळव्यावरून पीस फिरवलं. हं नाही. टाचणी लावली. हं नाही. थोड्या वेळाने अप्पाच म्हणाले, ''आवो लावा की डेसर, माल उतरतोय तिकडं.'' टाचणी तेव्हा अर्धी आत होती.

डॉक्टरसाहेब पुण्याचे. शुद्ध बोलत आणि शुद्ध बोललं की माणूस ऐकतो अशी त्यांची समजूत होती. ''गूळ आजपासून वर्ज्य. रोज इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागेल. आणि अनवाणी पाऊल टाकायचं नाही.'' हे औषध तेव्हा नवंनवं. मुंबईहून बर्फाच्या डब्यातून यायचं. बर्फाचं दौंडला पाणी आणि कुर्डुवाडीला वाफ व्हायची, पण बाटली यायची.

अप्पा म्हणाले, ''रोज सुई? मी काय गोधडी हाय? आनि माझी जीभ म्हंजे बाजाराचा काटा हाय, डाक्टर. ती बंद केली तर मी अडत्या कशाचा?'' वहाण घातली आणि गेले.

दोन महिन्यांनी वळसंगच्या पलीकडल्या त्यांच्या गावी वीरभद्राची जत्रा होती. मीही गेलो होतो. भक्तीने गेलो असं म्हणणार नाही. जत्रेला गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, फार उत्तम होते. त्या गावची रीत अशी : देवळापुढे लांब चर खणायचा, त्यात बाभळीची लाकडं जाळून इंगळ करायचा आणि सकाळी पालखी आली की भाविकांनी त्यावरून चालायचं. पहिलं पाऊल चन्नाप्पांच्या घरचं. तो त्यांचा पिढीजात मान. ते पाऊल पडल्याशिवाय दुसऱ्या कुणी उतरायचं नाही. आता 'चालायचं' हा बोलण्याचा प्रकार. खरं म्हणजे पळायचं. चार ढांगा, 'हर हर' म्हणेपर्यंत पलीकडे. इतकी वर्षं अप्पाही तव्यावरच्या लाहीसारखे उडत पार होत आणि पलीकडे जाऊन कुणाचं लक्ष नसताना पाय चिखलात घालत.

त्या वर्षी अप्पा उतरले आणि चालू लागले. लग्नाच्या पंगतीतून पाहुण्यांची विचारपूस करत जावं तसे. मधोमध त्यांचा डोक्याचा रुमाल सुटला. अप्पा थांबले. इंगळात. रुमाल सोडला, झटकला, पुन्हा नीट गुंडाळला, खोच तपासली आणि मग पुढे निघाले. हलगी वाजवणाऱ्याचा हात तसाच वर राहिला. मग जो गजर उठला तो विजापूरला ऐकू गेला असेल. देवळाचे म्हातारे जंगमस्वामी थरथरत म्हणाले, ''सिद्ध झाला! आपला अप्पा सिद्ध झाला!'' माणसं पायांवर कोसळली.

अख्खं गाव रडत होतं, आणि मी एकटा कपाळाला हात लावून उभा होतो. कारण माझ्या नाकाला जो वास येत होता तो उदाचा नव्हता.

अप्पांच्या बायकोला, निलव्वांना, मी बाजूला घेतलं. ''अक्का, ह्यांचे पाय भाजलेत. आत्ता बघू द्या मला.''

निलव्वांनी गर्दीकडे बघितलं. ''मला कळतंय की, डेसरअण्णा. घरात चुलीपुढं बसत्यात तवा बी मीच पाय वडून मागं घेते. पन आज ह्यास्नी कोन सांगनार? बगा की तोंड.''

बघितलं. असं सुखी तोंड मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी हुग्गी खाऊन परत आलो. हे माझ्या हातून घडलं ते असं घडलं, त्यावर रंग चढवत नाही.

नवव्या दिवशी दवाखान्याच्या बायकांच्या दाराशी पडदा लावलेला टांगा उभा राहिला. डोक्यावरून शाल घेतलेली एक दांडगी बाई दोघांच्या खांद्यावर हात टाकून आत आली. मागून निलव्वा. शाल दूर झाली तर आत मिशा. सिद्धपुरुषाने ड्रेसरकडे उघड्या दाराने कसं यावं? सिद्धाला फोड येतात का?

उजव्या पायाच्या चवड्याखाली रुपयाएवढं भोक आणि भोवती काळी कड. डॉक्टरसाहेबांनी ते पाहिलं, नळीतलं निळं औषध तांबडं झालेलं पाहिलं आणि म्हणाले, ''पंधरा दिवस देतो. पाय टेकवला नाही तर बघू. टेकवला तर गुडघ्याखालून कापावा लागेल.''

अप्पा पहिल्यांदा घाबरलेले दिसले. ''सुई टोचा. गूळ बी सोडतो. पन टेकवू नको तर करू काय? घरी रोज शंभर मानसं येत्यात. उबं राहून दर्शन द्यावं लागतं. पाय धुत्यात आनि...'' ते थांबले.

''आणि काय?''

निलव्वा म्हणाल्या, ''आनि त्ये पानी पित्यात.''

डॉक्टरसाहेब खुर्चीत बसले. मी आयुष्यात नाना प्रकारच्या घाणीत हात घातले आहेत, पण त्या दिवशी मला खिडकीशी जावं लागलं.

तिथे, खिडकीशी, मला सुचलं. आजही मला त्याचा अभिमान आहे आणि लाजही आहे. दोन्हींचं प्रमाण दिवसागणिक बदलतं. मी अप्पांच्या घरी गेलो, ओसरीवर जमलेल्या माणसांपुढे हात जोडले आणि गंभीर आवाजात जाहीर केलं : अप्पांनी व्रत घेतलं आहे. चाळीस दिवस भूमीला पाय लावणार नाहीत. पाय पांढऱ्या वस्त्रात बांधलेले राहतील, त्यांना कुणी शिवायचं नाही. दर्शन मुखाचं. आणि व्रतात गूळ वर्ज्य.

डॉक्टरसाहेबांना कळलं तेव्हा ते माझ्यावर तापले. ''दत्तोबा, हे वैद्यकशास्त्र नव्हे.''

म्हटलं, ''मग तुम्ही जाऊन शास्त्र सांगून या.''

ते गेले. अर्ध्या तासाने गळ्यात हार घालून परत आले आणि म्हणाले, ''चालू द्या.''

आणि काय सांगू, जे आमच्या सगळ्या दवाखान्याला कधी जमलं नव्हतं ते त्या व्रताने केलं. असा आज्ञाधारक रोगी मला पुन्हा मिळाला नाही. शंभर डोळे पहारा देत होते. अप्पांनी खाटेखाली अंगठा जरी सोडला तरी दहा म्हाताऱ्या ओरडत, ''व्रत! व्रत!'' कुणी पेढा पुढे केला तर दुसरा त्याचा हात धरी. मी रोज सकाळी जाऊन सुई टोची, दार लावून जखम धुई. जखम कडेने गुलाबी व्हायला लागली. चाळीस दिवसांत पुरी भरेना, म्हणून मी व्रत दुप्पट केलं. लोक म्हणाले, काय ही निष्ठा! मग चांभाराकडून खोगिराखालच्या जाड लोकरी नमद्याची वहाण करून घेतली, जखमेच्या जागी खळगा ठेवून, म्हणजे भार आजूबाजूला पडावा. ऐंशीव्या दिवशी अप्पा ती घालून उभे राहिले. पाय वाचला. मी त्या संध्याकाळी छाती काढून अशा तोऱ्यात घरी गेलो की बायकोने विचारलं, 'उसण भरली का?'

पण माझा मूर्खपणा बघा. मी पाय बरा केला आणि सिद्ध मोठा केला. ऐंशी दिवसांचं व्रत ऐकून अक्कलकोटाकडून माणसं येऊ लागली, मंगळवेढ्याहून गाड्या भरून येऊ लागल्या. पुढची जत्रा जवळ आली तशी बातमी पसरली की यंदा चर दुप्पट लांबीचा खणलाय, आणि अप्पा मधोमध थांबून पूजा करणार आहेत. डॉक्टरसाहेब म्हणाले, ''या वेळी पाय नाही जाणार, दत्तोबा. माणूस जाईल.''

मी आदल्या दिवशी गावी जाऊन अप्पांपुढे बसलो. ते शांतपणे म्हणाले, ''मला ठावं हाय, डेसर. त्यो देव न्हवता, साखर व्हती. पन मानसं आली की हो. येवडी मानसं माझ्या गुळाला बी कदी आली न्हाईत.'' मग आवाज खाली आला. ''आनि मी उतरलो न्हाई तर कुनीच उतरनार न्हाई. इंगळ तसाच इजून जानार. मग पुढं वरीसभर गावात जे काय वंगाळ हुईल त्ये माज्या नावावर. ह्यो मान माज्या आजाचा हाय. त्यो मी कुटं ठिवू?''

निलव्वा दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

सकाळी चर लालभडक झाला होता. दहा हातांवरही भुवया करपतील अशी धग. पालखी आली. अप्पांनी नमद्याच्या वहाणा काढल्या. मग मी आयुष्यातलं एकमेव भाषण केलं. देवळाच्या पायरीवर चढून ओरडलो, ''थांबा! अप्पांना विस्तव लागत नाही तो देवामुळे नाही, रोगामुळे! गेल्या साली पाय भाजला होता! मीच पट्ट्या बांधल्या!''

पुढच्या रांगेतला एक म्हातारा सौम्यपणे म्हणाला, ''मंग व्रताचं कोन सांगून गेलं व्हतं, डेसर?''

''मीच. पण ते खोटं होतं.''

''तवा खोटं बोलला, तर आता खरं बोलताय कशावरून?''

लोक हसले. कुणी म्हणालं, ''डेसरला ऊन लागलंय, पानी द्या रे.'' मला धरून खाली उतरवलं आणि खरंच पाणी दिलं. अप्पा चराच्या काठाशी गेले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. धोतराचा सोगा खोचला.

तेव्हा निलव्वा बायकांच्या घोळक्यातून बाहेर आल्या. सरळ जंगमस्वामींपुढे गेल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, ''स्वामी, पयल्या पावलाचा मान घरचा हाय का मानसाचा?''

स्वामी गोंधळले. ''घरचा, अव्वा. पैल्यापासनं घरचा.''

''मी कुन्या घरची?''

बायकांनी इंगळ तुडवायची रीत त्या गावी नव्हती. पण तुडवू नये असंही कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती. स्वामी विचार करत राहिले. एवढ्यात अप्पांनी 'ए, ए' म्हणून हात पुढे केला. निलव्वा म्हणाल्या, ''सुम्म कुंदर्री!'' म्हणजे गप बसा. लुगड्याचा काचा मारला आणि उतरल्या.

मंडळी, मी पुष्कळ पळणारे पाहिलेत. मिलचा भोंगा झाल्यावर फाटक बंद व्हायच्या आत पळणारे कामगार पाहिलेत. पण निलव्वा पळाल्या तसं कुणी पळालं नाही. पहिल्या पावलाला ''आगं आई गं!'', दुसऱ्याला वीरभद्राचं नाव, तिसऱ्याला माझं आणि त्यापुढे जे होतं ते कानडीत होतं, आणि छापण्याजोगं नव्हतं. दुप्पट लांबीचा चर त्यांनी नेहमीच्या निम्म्या वेळात संपवला आणि पलीकडे दगडावर जाऊन आदळल्या. ''पानी! डेसरअण्णा, पानी आना की! मेले मी!''

पाऊल पडलं होतं. हलगी सुटली. मागून रांगच्या रांग उतरली, किंचाळत, उड्या मारत, माणसं पळतात तशी पळत. अप्पा काठावर तसेच उभे होते, सोगा खोचलेला. त्यांच्याकडे आता कुणाचं लक्ष नव्हतं. मग त्यांनी खाली बसून वहाणा घातल्या, बकल लावलं आणि चराला लांबून वळसा घालून आले. त्या पायावर ते पुढे पुष्कळ वर्षं चालले आणि दर सोमवारी तो मला दाखवून जात.

मी निलव्वांचे तळवे धुतले. ज्वारीच्या दाण्याएवढे दोन फोड. बोरिकचं पाणी लागलं तशी त्यांनी मला लाथ मारली. अप्पा शेजारी टेकले, त्यांनी निलव्वांचा पाय उचलून सगळ्या गावासमोर आपल्या मांडीवर घेतला आणि फुंकर घालायला लागले.

''लई दुखतंय?'' त्यांनी विचारलं. खरोखरच माहीत नसलेल्या माणसाने विचारावं तसं.

''दुखतंय म्हंजे? आग पडलीया नुसती! फुका की जोरात, जीव न्हाई का अंगात?''

अप्पांनी जोरात फुंकर घातली. मी बांधायला पट्टी काढली, तर म्हणाले, ''द्या हिकडं. मी बांदतो.'' आणि बांधली. वरून खाली, उलटी, घोट्याशी ढिली, अंगठ्याशी आवळलेली आणि वर गुळाच्या ढेपेच्या बारदानाला मारतात तशी गाठ. इतकी वाईट पट्टी माझ्या सबंध नोकरीत माझ्या डोळ्यांपुढे कुणी बांधली नव्हती. मी ती तशीच राहू दिली.